तिसऱ्या बेसच्या मागे

व्हर्लीन टॉलिव्हर मॅरोव्हिलच्या काळ्यांच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. डीकन गॅटलिन यांच्याकडे तिने इतकी वर्षं खेटे घातले होते की त्यांचं कुत्रंही तिच्यावर भुंकेनासं झालं होतं. डीकन म्हणजे चर्चमधले वडीलधारे. १९२० च्या उन्हाळ्यात गोऱ्यांच्या जमावाने ईस्ट बॉटम ही काळ्यांची वस्ती जाळली, तेव्हा ते लहान होते. शहर त्याला नुसती 'आग' म्हणे. दिवा कलंडला, घरं जळली, कुणी मेलं नाही, असं शाळेत शिकवत. व्हर्लीनही तेच शिकली होती. तिची आई मात्र बेसबॉलचं मैदान टाळून लांबच्या रस्त्याने बाजारात जायची, आणि का ते न सांगताच वारली.

आई गेल्यापासून व्हर्लीन दारोदार फिरत होती. गोऱ्या म्हाताऱ्या गार गोड चहा देत आणि विषय बदलत. आपली माणसं तर दारच लोटून घेत.

"तू पुस्तक लिहिशील, टाळ्या घेशील," डीकन म्हणत. "माझी लेक त्यांच्याच दवाखान्यात नर्स आहे. तिला इथं राहायचंय."

"मीही इथलीच आहे, डीकन."

"मग गप्प बसायला कुणी शिकवलं नाही होय तुला? खा, भेंडी गार होतेय."

ती खायची आणि पुन्हा यायची. तिचे केस पिकले. ज्यांना विचारायचं होतं, त्यांना एकेक करून पोचवून यायची वेळ आली.

मग एका वसंतात डीकनच काठी टेकत कॉलेजात आले. मागे त्यांची लेक अर्नेस्टीन.

"बेसबॉलच्या मैदानावर पोहण्याचा तलाव खणणार म्हणे," ते म्हणाले. "थांबव त्यांना. तिसऱ्या बेसच्या मागे माझा भाऊ आहे."

"कुठला भाऊ?" अर्नेस्टीन म्हणाली. "बाबा, तुम्ही एकुलते एक होता ना?"

"ओरेन. माझ्याहून थोरला." ते खुर्चीत बसले. "आम्ही ओढ्याकाठच्या झाडीत लपलो होतो. गाडीतून आणून तिथल्या खड्ड्यात टाकत होते मेलेली माणसं, लाकडं टाकावीत तशी. आईनं माझं तोंड दाबून धरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं बजावलं, त्याचं नाव घरात काढायचं नाही. ती गेली, तरी मी काढलं नाही."

व्हर्लीनने नगरपालिका गाठली. महापौर गोरे, हसतमुख.

"टॉलिव्हरबाई, तलाव तुमच्या पोरांसाठीही आहेच की. जुनी मढी कशाला उकरता?"

"मढी आहेत हे तुम्ही तरी कबूल केलंत," ती म्हणाली.

त्यांचं हसू मावळलं. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, व्हर्लीनच्या खिडकीवर दगड आले, अर्नेस्टीनशी दवाखान्यात लोक बोलेनासे झाले. तिने बापाला कळू दिलं नाही. शेवटी कोर्टाच्या हुकमाने तज्ज्ञांनी जमीन उघडली.

सांगाडे एकावर एक होते. व्हर्लीन काठावर उभी राहिली. उभा जन्म तिने स्वतःला खरं ठरवण्यात घालवला होता, आणि आता वाटत होतं, त्या चहावाल्या म्हाताऱ्याच खऱ्या असत्या, नुसतीच आग असती, तर किती बरं झालं असतं.

डीकन झाडाखाली बसले होते. ती त्यांच्याजवळ जाऊन वाकली.

"लहान कुणी आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे एक. बारा-तेरा वर्षांचा असेल म्हणतात. पण तोच, असं सांगता यायचं नाही."

"बरं. त्याला उन्हात ठेवू नका म्हणावं."

तिने सांगितल्यावर माणसांनी ताडपत्री ओढली. अर्नेस्टीनने बापाचा हात हातात घेतला.

"कसा होता दिसायला, बाबा?"

डीकननी ताडपत्रीकडे पाहिलं. कितीतरी वेळ ते आठवत राहिले.

"चेहरा गेला गं," ते म्हणाले. "इतकी वर्षं आठवूच दिला नाही मी स्वतःला."