मोटर बंद आहे

“सर, इकडं या जरा. चहा राहू द्या, आधी या.”

राजेश्वरीचा आवाज असा कधी चढत नसे. नागापूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाच वर्षं ती मुकाट मान खाली घालून काम करत आली होती. त्यामुळे कंपनीचे मालक सुनीलसर कप हातात घेऊनच धावले. तिच्या स्क्रीनवर लाल अक्षरांच्या ओळींमागून ओळी सरकत होत्या.

“हे काय गं? हे तर आपण मार्चमध्येच बंद केलं होतं.”

“बंद नव्हतं केलं सर. तोंड दाबलं होतं. आज सकाळी मी हात काढला.”

कंपनी मोबाईल स्टार्टर बनवायची. विहिरीवरच्या मोटरीला जोडायची एक पेटी, पेटीत एक सिम, आणि लाईट नसताना पेटी जागी ठेवायला बॅटरी. घरी ओसरीवर बसून मोबाईलवर बोट टेकवलं की तिकडं मळ्यात मोटर चालू, पुन्हा टेकवलं की बंद. उंटावरून शेळ्या हाकायची नवी तऱ्हाच म्हणा ना! त्यात ‘ऑटो’ची सोय. थ्री फेज लाईट आज दिवसा तर पुढच्या आठवड्यात रात्री, तिची वाट बघत कोण बसणार? ऑटोवर टाकायचं, लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होते. राहुरी तालुक्यातले निम्मे मळे ऑटोवरच चालायचे. मोबाईल आणि पेटी यांच्यामधला सगळा निरोप्या प्रोग्राम राजेश्वरीनं लिहिला होता.

प्रोग्राममध्ये काही बिघडलं की तो नुसता थांबत नाही. तो एक पाकीट तयार करतो. प्रोग्रामर लोक त्याला एक्सेप्शन म्हणतात. पाकिटावर बिघाडाची जात लिहिलेली, आत काय झालं त्याचा निरोप, खाली कुणी कुणाला काम सांगितलं होतं त्याची पायरीपायरीनं यादी, आणि पोटात मूळ कारणाचं आणखी एक पाकीट. प्रोग्रामचा खालचा भाग ते वरच्या भागाकडे देतो, वरचा आणखी वर. तलाठ्याकडून निघालेला अर्ज तहसीलला पोचेपर्यंत जसे शिक्के गोळा करतो, तसंच. वाटेत एखाद्यानं बिघाड निस्तरावा, नाहीतर पाकीट वर पाठवावं. फाडू मात्र नये.

मार्चमध्ये ते फाडायचंच ठरलं. पेटीला रेंज नसली की शेतकऱ्याच्या मोबाईलवर लाल अक्षरं यायची, आणि मग ऑफिसचा फोन दिवसभर बोंबलायचा. सुनीलसर वैतागले. “लोक घाबरतात त्या लाल रंगाला. काढून टाक. पाच-दहा मिनिटांत जातोच की निरोप पेटीपर्यंत. तोवर ‘मोटर बंद आहे’ असं दाखव.” रोग म्हशीला आणि औषध पखालीला! राजेश्वरीला ते कळत होतं. पण ती बोलली नाही. तीन ओळी लिहिल्या. पाकीट आलं की न वाचता टाकून द्यायचं आणि वर सांगायचं, सगळं ठीक आहे.

न बोलणं तिच्या घरातच होतं. मिरजगावकडची ती, आईबाप सहा महिने ऊसतोडीला. एकदा रंगुबाईच्या, म्हणजे तिच्या आईच्या, पायात कोयता रुतला. मुकादमानं विचारलं तर म्हणाली, “काय न्हाई झालं.” चिंधी बांधून तिनं त्या दिवशीची मोळी पुरी केली. ती अजून लंगडते. आणि अजूनही कुणी विचारलं तर म्हणते, काय न्हाई झालं.

काल मिरजगावहून एका शेतकऱ्याची तक्रार आली होती. मोबाईल म्हणतोय मोटर बंद, आणि वावरात पाणी वाहतंय. ते बघायला म्हणून राजेश्वरीनं सकाळी, तूर्त आपल्याच स्क्रीनपुरत्या, त्या तीन ओळी काढल्या, आणि तेव्हापासूनचा एकेक बिघाड भडाभडा बाहेर पडू लागला.

“ही ओळ बघा, सर.”

वेळ नऊ अठ्ठावन्न. हुकूम: ऑटो बंद कर. पेटीकडून उत्तर नाही. कारण: पेटीतल्या सिमला रेंज नाही. ठिकाण देवळाली प्रवरा, सहादेव यांची विहीर. हुकूम सोडणारा: मेकॅनिक भीमा.

“मग? रेंज आली की जाईल.”

“मेकॅनिक ऑटो कशासाठी बंद करतो, सर?”

सुनीलसरांनी कप टेबलावर ठेवला. उत्तर दोघांनाही माहीत होतं. मेकॅनिक ऑटो एकाच कामासाठी बंद करतो. त्याला विहिरीत उतरून मोटरीला हात घालायचा असतो.

“आणि त्या मळ्यांना लाईट देणाऱ्या फीडरवर या आठवड्यात लाईट साडेदहाला येते,” राजेश्वरी म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

तिनं भीमाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. तिला तो डोळ्यांसमोर दिसत होता. शर्ट काढून काठावर ठेवलेला, मोबाईल शर्टाच्या खिशात, आणि हा पायऱ्या उतरून खाली मोटरीच्या कट्ट्यावर बसलेला. भीमा तिच्याशी आठवड्यातून चारदा तरी बोलायचा. लाल अक्षरं वाचायला तिनंच त्याला शिकवलं होतं. सातवी शिकलेला माणूस, पण दोन दिवसांत शिकला. “आलं ध्यानात, ताई. वरची वळ म्हंजे काय बिघडलं, आन् तळाची वळ म्हंजे कुनामुळं. तळाची आधी वाचायची.” आणि मार्चनंतर एकदा त्यानं विचारलं होतं, “ताई, आता लाल कायच येत न्हाई. समदं येवढं सुदारलं व्हय?” ती नुसती “हो” म्हणाली होती.

तिनं सहादेवना फोन लावला.

“मी राहुरीला दवाखान्यात हाय, ताई. व्हय, भीमा आलाय मळ्यात. कारभारीन हाय तिथं, पर तिच्याकडं मोबाईल न्हाई. काय झालं?”

“त्याला विहिरीतून वर काढा. ताबडतोब. लाईट आली की मोटर सुरू होईल.”

“आँ? आवो, त्यानं मोबाईलवर बंद केलीय की! मला तसा फोन केल्ता त्यानं.”

“नाही झाली बंद. ते खोटं आहे. वस्तीवरच्या कुणाला तरी पाठवा.”

“वस्ती लांब हाय वो... थांबा, बघतो कोन गावतंय.” फोन कट झाला. दहा सतरा.

“सबस्टेशन,” ती स्वतःशीच पुटपुटली आणि नंबर शोधू लागली. सुनीलसरांनी तेवढ्यात कागदावर चार शब्द लिहून तिच्यापुढं सरकवले. “हे बघ, नीट बोल. ‘तांत्रिक अडथळा’ म्हण. आपल्या पेटीचं नाव खराब झालं तर उद्या कोण घेईल? तुझं घर, माझं घर, दोन्ही यावरच चालतात.”

पाच वर्षांची सवय. तिनं कागद वाचूनच दाखवला.

“नमस्कार, मी स्टार्टर कंपनीतून बोलते. थोडा तांत्रिक अडथळा आल्यामुळे देवळालीच्या फीडरची लाईट जरा उशिरा सोडता येईल का?”

पलीकडे वाल्मिक नावाचा ऑपरेटर होता. तो हसलाच. “ताई, असले धा फोन येत्यात रोज. कुनाला लवकर पायजे, कुनाला उशिरा. लाईट काय माझ्या खिशात हाय व्हय? सायबाकडं अर्ज करा.” आणि त्यानं फोन ठेवला.

बरोबरच होतं त्याचं. ‘काहीतरी चुकलं आहे, कृपया पुन्हा प्रयत्न करा,’ असल्या निरोपावर कोण हलणार? अशा निरोपांना राजेश्वरी स्वतः नावं ठेवायची. काय चुकलं नाही, कुठं नाही, कुणामुळं नाही. आणि आज तिनं तोंडानं तोच निरोप दिला होता! तिला स्वतःची चीड आली, डोळ्यांत पाणीच आलं. दहा बावीस. तिनं कागद चुरगाळला आणि पुन्हा नंबर दाबला.

“पुन्यांदा तुमीच का, ताई?”

“फोन ठेवू नका, दादा. माणूस विहिरीत आहे. ऐकून घ्या, मग वाटलं तर ठेवा.” शब्द एकेक करून नीट बाहेर पडत होते. “देवळाली प्रवरा, सहादेव यांची विहीर. भीमा मेकॅनिक खाली मोटरीपाशी आहे. मोटर ऑटोवर आहे. तुम्ही लाईट सोडली की ती त्याच्या हातात सुरू होईल.”

“ऑटोवर ठिवून कसा काय उतरला? येडा हाय का त्यो?”

“त्याची काही चूक नाही. त्यानं ऑटो बंद करायचा हुकूम दिला. पेटीला रेंज नव्हती, हुकूम पोचला नाही. आमच्या प्रोग्रामनं त्याला तरीही सांगितलं, मोटर बंद आहे.” सुनीलसर हातानं ‘पुरे, पुरे’ करत होते. मग त्यांनी फोनकडे हात नेला. राजेश्वरीनं खांदा वळवला. “तो प्रोग्राम मी लिहिलाय. ते खोटं माझ्या हातचं आहे. माझ्यामुळं तो खाली बसलाय.”

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

“वहीत लिवावं लागंल,” वाल्मिक म्हणाला. “फीडर कशापायी धरला म्हनून वरनं इचारत्यात. कुनाचं नाव लिवू?”

“राजेश्वरी पुंजाराम गर्जे. नंबर हाच लिहा.”

“पंधरा मिन्टं धरतो. पावनेअकराला सोडनार. त्याच्यावर माझ्याच्यानं न्हाई व्हनार. काढा त्याला भायेर.”

दहा अठ्ठावीस. साडेदहा झाले. सुनीलसर खुर्चीत बसले होते, कपाळ पुसत होते. राजेश्वरी उभीच राहिली. ती भीमाचा नंबर पुन्हा पुन्हा दाबत होती. दहा पस्तीस. दहा चाळीस. स्क्रीनवर लाल ओळी येतच होत्या. तिनं मनातल्या मनात तिच्या माहितीतल्या सगळ्या देवांना हाक मारून घेतली.

दहा त्रेचाळीसला फोन वाजला.

“ताई, तुमचे वीस फोन दिसत्यात,” भीमाला धाप लागली होती. “वस्तीवरला गडी बोंबलत आला, वर ये, वर ये म्हनून. आन् वर पेटीपाशी येऊन बघतो तर काय, ऑटोचा दिवा पेटल्याला. मी म्हनलं, मोबाईल तर बंद दावतोय.”

“भीमा, मोबाईल खोटं दाखवत होता. मार्चपासून. मी तसं लिहिलं होतं.”



“मोटरीचा दांडा हातानं फिरवून बघत हुतो, ताई.” भीमा म्हणाला. “आदी मी तिन्ही फ्यूज काढून खिशात घालायचो. माझ्या वस्तादानं शिकवल्यालं. फ्यूज ज्याच्या खिशात, जीव त्याच्या हातात. तुमीच म्हनला, भीमा, आता त्याची गरज न्हाई, हितं बोट दाबलं की झालं.”

“म्हणाले होते.”

“मी ऐकलं तुमचं.”

त्यात राग असता तर बरं वाटलं असतं. राग नव्हता. राजेश्वरी खाली बसली.

“बाकीच्यांचं काय मग?” भीमानं विचारलं. “आज अजून कितीजन उतरल्यात?”

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. तिला ठाऊक नव्हतं. आज सकाळच्या आधीची पाकिटं तर फाडलेलीच होती, कळणार तरी कसं? तिनं फोन ठेवला आणि सगळ्या मेकॅनिकांना, सगळ्या शेतकऱ्यांना जाईल असा मेसेज लिहायला घेतला. मोबाईलवर ‘मोटर बंद आहे’ दिसलं तरी ती बंद असेलच असं नाही. फ्यूज काढल्याशिवाय विहिरीत उतरू नका. ही चूक माझी आहे. खाली नाव, खाली नंबर.

सुनीलसरांनी तो मागं उभं राहून वाचला. “माणूस वाचला ना? झालं की मग. झाकली मूठ राहू दे. हे पाठवलंस तर उद्या येऊ नकोस.”

“बरं, सर,” ती म्हणाली आणि तिनं पाठवण्याचं बटण दाबलं.

मग फोन सुरू झाले. शिव्या आल्या, प्रश्न आले. पाथर्डीच्या एका बाईनं तर, “मुडदा बशिवला तुजा!” इथपासून सुरुवात केली. राजेश्वरीनं प्रत्येक फोन उचलला. प्रत्येकाला आधी आपलं नाव सांगितलं, मग काय झालं, मग कशामुळं. घसा बसला तेव्हा चार वाजून गेले होते. तोवर लाल अक्षरं पुन्हा सगळ्यांच्या मोबाईलवर दिसू लागली होती. तेवढं काम तिनं पुरं केलं. डबा पिशवीत घातला. सुनीलसर आपल्या केबिनमध्ये फोनवर होते, त्यांनी मान वर केली नाही.

फाटकाशी आली तेव्हा भीमाचा फोन आला.

“ताई, मेसेज वाचला. लाल अक्षरंबी आली परत. मी पुन्यांदा उतरतोय. काम अर्धं राह्यलंय, पानी तुटलंय उसाचं.”

“ऑटो?”

“मोबाईलवर बंद केलंय. पेटीवर जाऊन बघितलं. आन् ह्ये ऐका.”

त्यानं फोन खिशापाशी नेला असावा. चिनी मातीचे तीन फ्यूज एकमेकांवर वाजले.

“आलं का ऐकू?”

“आलं,” राजेश्वरी म्हणाली. “आता उतरा.”