तात्यांनी दिलेला रंग

तात्या ट्रॅक्टर नेहमी गोठ्यामागच्या चढावर उभा करत, चाकाखाली दगड लावून. सकाळी दगड काढायचा, ट्रॅक्टर उतारावरून सोडायचा आणि वाटेत गिअर टाकून इंजिन सुरू करायचं. बॅटरी मेली तर मेली, उतार कुठे मरतोय, असं ते छाती काढून सांगत. परवा मात्र दगड काढून ते वर चढेपर्यंत ट्रॅक्टर त्यांना न घेताच निघाला आणि कोंबड्यांचं खुराडं आडवं करून कुंपणात थांबला. कोंबड्या वाचल्या, पण सुनेचा संयम सुटला. शेतीचा सगळा कारभार तिच्याकडे होता. तिने निक्षून सांगितलं, उद्या सकाळी ट्रॅक्टर सपाटीवर, चावीने सुरू झाला तर राहील, नाहीतर विकायचा.

 अर्धं आयुष्य तात्यांनी या ट्रॅक्टरवर काढलं होतं. बॅटरी नवी होती, ती भरणारा अल्टरनेटरही नुकताच बदलला होता, तरी समोरचा चार्जिंगचा लाल दिवा विझायचं नाव घेत नव्हता. शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी मेहुण्याला बोलावलं. मेहुणा गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा आणि दाजींची फिरकी घ्यायची एकही संधी सोडत नसे.

आल्या आल्या त्याने विचारलं, दाजी, यंदा उताराची सर्व्हिसिंग करून घेतली का? मग बाह्या सरसावून कामाला लागला. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, घट्ट होता. उतारावरूनच इंजिन सुरू करून बॅटरीवर मीटर लावला. चौदा व्होल्ट हवे होते, होते बारा. मग मीटरची दोन्ही टोकं अल्टरनेटरलाच लावली, तर तिथे चौदा. मेहुण्याची थट्टा थांबली.

"करंट बनतोय, पण बॅटरीत जात नाहीये," तो म्हणाला. "वायर तर चांगली आहे. पण परतीचा रस्ता लोखंडातून असतो, दाजी. लोखंड लोखंडाला टेकायला नको?"

सून हातात विजेरी धरून वाकली होती. तिलाच आधी दिसलं.

"तात्या, याच्या खालीही रंग दिलाय?"

दिला होता. उन्हाळ्यात तात्यांनी ट्रॅक्टर रंगवला, तो नुसता वरवर नाही. सुटा होईल तो भाग सुटा करून, अल्टरनेटर ज्यांवर बसतो त्या लोखंडी पट्ट्यांना, बोल्टांना, अगदी भोकांच्या आतूनसुद्धा, रंगाचे हातावर हात दिले. वर खडखड नको म्हणून जुन्या ट्यूबचं रबर कापून मध्ये घातलं. नवा अल्टरनेटर त्याच गादीवर बसला होता. मेहुणा हसता हसता खालीच बसला.

"अर्धवट काम मला जमत नाही," तात्या पुटपुटले.

"पण एवढा रंग द्यायला सांगितलं कुणी?" सुनेने विचारलं.

"तूच म्हणाली होतीस. याचं रूप बघून बाजारात न्यायची लाज वाटते म्हणून."

सुनेला ते बोलल्याचं आठवतही नव्हतं. तिला एकदम भरून आलं. ती पॉलिश पेपर घेऊन स्वतःच घासायला बसली. प्रत्येक वेळी कागद जरा इकडेतिकडे गेला की तात्या कळवळून सांगत, बाहेरचा राहू दे. तिनेही पट्ट्या टेकतात तेवढीच जागा चकचकीत केली. रबर फेकून बोल्ट आवळले, पुन्हा उतारावरून इंजिन सुरू केलं आणि लाल दिवा विझला. बॅटरी भरेपर्यंत मेहुणा दाजींना रंगाऱ्याचा धंदा सुचवत बसला.

संध्याकाळी सुनेने ट्रॅक्टर अंगणात, सपाटीवर लावला. सकाळी तात्यांनी चावी फिरवली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. त्या आनंदात ते सवयीने खाली उतरले आणि चाकापाशी दगड शोधू लागले. दगड सुनेने पुन्हा उभ्या केलेल्या खुराड्याच्या दाराला लावून टाकला होता.

ती पिशव्या घेऊन बाहेर आली आणि ट्रॅक्टरवर चढून बसली.

"चला तात्या," ती म्हणाली, "बाजारात जाऊन येऊ."