आडवी ठेवलेली बाटली

मित्रांनो, मी एक वाइनची बाटली आहे. जुनी म्हणाल तर वय जेमतेम तीन वर्षं, पण तेवढ्यात मी पुष्कळ पाहिलं. चेक देशातल्या मोराव्हियात, एका टेकडीच्या उतारावर माझी द्राक्षं पिकली. त्या वाणाचं नाव पालवा. वाइन बनवणं शिकायला तिथे आलेल्या वाघोलीच्या सृष्टीला ते ऐकून पालवी आठवली आणि तिने हेच वाण निवडलं. तिनेच द्राक्षं तोडली, रस आंबवला, मला भरून बूच लावलं. पांढरी म्हणतात मला, पण मी आहे फिकट सोनेरी, जराशी गोड, गुलाबाच्या वासाची. तिथल्या मास्तरांनी मला चाखून मान डोलावली, तेव्हा मी काय मिरवले म्हणून सांगू!

हा तोरा वाघोलीच्या फ्लॅटमध्ये उतरला. सृष्टीने मला तिच्या आईपुढे, वेणूबाईंपुढे ठेवलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. लेक परदेशात द्राक्षांची शेती शिकतेय, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पुढचं सांगायचा सृष्टीला धीर झाला नव्हता. वेणूबाईंचा नवरा दारूनेच गेला होता. त्यानंतर त्यांनी गावातल्या बायका गोळा करून दारूच्या दुकानावर मतदान घ्यायला लावलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आडवी बाटली जिंकली होती.

"माझ्या घरात बाटली?" त्या म्हणाल्या.

"आई, ही आडवीच ठेवायची असते गं," सृष्टी घाईने म्हणाली. "त्यानं बूच ओलं राहतं."

वेणूबाईंनी मला बराच वेळ न्याहाळलं. "आडवी असंल तर ऱ्हाऊ दे."

सृष्टी परत गेली आणि दिवाणाच्या पेटीत, जुन्या लुगड्यांखाली मी दोन वर्षं काढली. फोनवर माझा विषय निघत नव्हता, आणि फोनही आखडत चालले होते. मला सृष्टीसाठी फार वाईट वाटायचं.

लेक दुरावतेय हे वेणूबाईंनाही सलत असावं, कारण यंदा ती सुट्टीला आली, तेव्हा त्यांनी स्वतःच मला बाहेर काढलं. "कशाबरोबर घेत्यात ही?"

"तिकडं बदकाचं मांस नि चीज. पण मला वाटतं, तुझी अळूवडी. चिंचगूळ सढळ, मिरची बेतानं. ठेच्यापुढं हिचं काही चालत नाही."

वाघोलीत मनासारखं अळू मिळेना, म्हणून वेणूबाईंनी थेट मंडई गाठली. तोवर मी फ्रिजमध्ये गार झाले. वड्या तळून झाल्या, सृष्टीने पेला भरला. वेणूबाईंनी तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"दारूचा वास मला ठाऊक हाय," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यो त्यो न्हाई." मग पेला लेकीपुढे सरकवला. "तू घे. मी वडी खाते."

सृष्टी रडत रडत घोट घेत होती, वडी खात होती. तेवढ्यात शेजारची रुपाली डोकावली. "अगंबाई, काकू, तुमच्याकडे दारू?"

सृष्टी मला लपवायला उठली. वेणूबाईंनी तिचा हात धरला.

"वाइन हाय. माझ्या लेकीनं बनवलीय. बस, वडी खा."

मित्रांनो, आता मी रिकामी आहे, पण एक सांगते. कुणी आपल्या हातचं काही तुमच्यापुढे आणलं, तर नुसत्या नावावरून त्याला झिडकारू नका. नको असेल तर घेऊ नका. वेणूबाईंनी मला तोंडसुद्धा लावलं नाही. पण ज्याने ते बनवलं, त्याच्या शेजारी बसा.