गोलच्या मागून

मयेच्या मैदानावर सामना संपायला जेमतेम दोन मिनिटं उरली असताना हरी सुतार गोलच्या जाळीमागे उभा राहून गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. गेली अकरा वर्षं तो असाच ओरडत आला होता. वरचावाडा स्पोर्टिंगचा सामना घरी तुयेला असो, पेडण्याला असो की आज इथं डिचोली तालुक्यात, हरी आपल्या गोलकीपरच्या मागे उभा असायचाच. मध्यंतरात संघांच्या बाजू बदलल्या की तोही पाण्याची बाटली घेऊन मैदानाला अर्धा वळसा घालायचा आणि पलीकडच्या जाळीमागे जाऊन उभा राहायचा.

वरचावाड्याच्या पिवळ्यांची आणि समोरच्या निळ्यांची एक-एक अशी बरोबरी होती. अंतिम सामना होता. निळ्या संघाला उजव्या बाजूने फ्री किक मिळाली. चेंडू उंच उडाला, वाऱ्यावर थोडा तरंगला, आणि हरीला वाटलं, हा गोलकीपरचा चेंडू आहे.

"साईश, बाहेर ये! ये, ये, बाहेर ये!"

साईश बाहेर आला. चार पावलं धावला, उडी मारली, आणि चेंडू त्याच्या बोटांच्या वीतभर वरून मागे गेला. मागे निळ्या शर्टातला एक उंच गडी एकटाच उभा होता. त्याने डोकं लावलं. जाळी हलली ती हरीच्या नाकासमोर. चेंडू जाळीत अडकून खाली घरंगळला तेव्हा तो इतका जवळ होता की हात घातला असता तर हरीला तो धरता आला असता.

रेफरीने मध्यावर चेंडू ठेवला आणि लगेच शेवटची शिट्टी वाजवली. निळ्यांची माणसं मैदानात धावत सुटली. साईश गोलच्या खांबाला पाठ लावून खाली बसला होता. हरी त्याच्यापासून सहा हातांवर उभा होता. मध्ये फक्त जाळी. 'माझ्यामुळं झालं,' एवढंच त्याला म्हणायचं होतं. बसलेल्या घशाने तो जाळीला धरून पुढे वाकला. तेवढ्यात दोन खेळाडू आले, साईशला काखेत हात घालून उठवून घेऊन गेले.

परत जाताना हरी मोटरसायकलवर एकटाच होता. वरचावाड्याच्या पोरांच्या तीन गाड्या होत्या. त्यांत त्याला कोणी कधी 'चल' म्हटलं नव्हतं, पण त्याची मोटरसायकल असतेच हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे विचारायची वेळ यायची नाही. अस्नोड्याच्या पुढे काजूच्या बागांतून मोहोराचा वास रस्त्यावर आला होता. दिवस मावळत होता. हरीच्या डोळ्यांपुढे तो चेंडू पुन्हापुन्हा उडत होता, आणि दर वेळी तो स्वतःला तोंड मिटून घ्यायला सांगत होता.

कोल्हापुरात त्याच्या पेठेतल्या तालमीचा संघ होता. तिथं सामन्याला हजारो माणसं. लहानपणी तो त्या गर्दीत घसा फोडून ओरडायचा. पण कोण ऐकणार? सगळ्या पेठेचा मिळून एकच आवाज व्हायचा. मग नोकरीसाठी तो गोव्यात, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आला, पॅकिंगच्या मशीनवर लागला. पहिल्याच रविवारी खोलीवर करमेना म्हणून शिट्टीच्या आवाजाच्या रोखाने चालत गेला, तर एका सपाट माळावर सामना चाललेला. बघायला तीस-चाळीस माणसं. गोलच्या मागे एकही नाही. तो तिथं जाऊन उभा राहिला. डावीकडून एक फॉरवर्ड मोकळा सुटलेला दिसला तसा त्याच्या तोंडून निघालं, "डावीकडं बघ!" आणि गोलकीपर खरंच डावीकडे सरकला. तेव्हा साईश सतरा वर्षांचा होता.

तो दिवस हरी विसरला नव्हता. कोल्हापुरात जे कधी झालं नाही ते इथं झालं होतं. त्याच्या एकट्याच्या आवाजाने एक गोल वाचला होता. पुढे त्याने मनात हिशेबच ठेवला. मांद्र्याविरुद्धचा तो सामना, ती पेनल्टी, तो कॉर्नर. रंजना, म्हणजे त्याची बायको, तेव्हा इथं होती. तिला तो घरी येऊन सगळं सांगायचा. तीन वर्षांपूर्वी तिची आई अंथरुणाला खिळली तशी ती कोल्हापूरला गेली ती तिकडेच राहिली. मुलीचं कॉलेजही तिथंच होतं. आठवड्याचे सहा दिवस मशीन आणि खोली. सातव्या दिवशी सामना. सामना नसला की सातवा दिवसही खोलीच.

कोलवाळच्या पुलाआधी चहाच्या गाड्यापाशी वरचावाड्याच्या तिन्ही गाड्या उभ्या दिसल्या. हरीने मोटरसायकल लावली, चहा सांगितला. पोरं भाजी-पाव खात होती, पण तोंडं उतरलेली. साईश त्यांच्यात नव्हता. तो सासुरवाडीच्या कोणाबरोबर परस्पर गेला, असं त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

"भायर कित्याक सरलो तो?" एकजण म्हणाला. "गोलात रावलो असतो तर हातात बॉल येतो."

"मुद्दाम केलंन म्हण."

"गप रे," गौरेश म्हणाला. गौरेश संघाचा मॅनेजर. पण त्याच्याही आवाजात जोर नव्हता. "तरी बाहेर यायची काय गरज नव्हती, हां. कोणी सांगितलं त्याला?"

हरीच्या हातातला ग्लास पोळत होता. आत्ता बोलायला हवं, हे त्याला स्वच्छ कळत होतं. 'मी सांगितलं' एवढे दोनच शब्द. गौरेशची नजर त्याच्याकडे वळली.

"काय कोल्हापुरी काका, बघितलं मरे आमचं नशीब?"

"बघितलं," हरी म्हणाला.

"थेट घरा वचपाचो? बरें, सांभाळून जा."

आणि गाड्या सुटल्या. हरी उरलेला चहा घेऊन उभा राहिला. 'आमचं नशीब', त्याच्या मनात आलं. 'आपलं' नव्हे. पण ज्याने मघाशी तोंड उघडलं नाही त्याने या शब्दावरून रुसावं तरी कसं?

खोलीवर पोचतो तोच रंजनाचा फोन आला. आईचं औषध बदललं होतं, गॅस संपला होता, मुलीला सर्दी झाली होती. हरी हूं हूं करत राहिला.

"आवाज का असा?"

"हरलो," तो म्हणाला.

"आं? काय हरवलं? पाकीट?"

"नाही. मॅच."

"मग असू दे की," रंजना म्हणाली, आणि तिने ते मायेनेच म्हटलं. "गरम पाण्याने गुळण्या कर आणि जेव काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाला पदेर भोंगा वाजवत येऊन गेला. घरमालकीण देवकी पावाचे दोन उंडे घेऊन हरीच्या खिडकीपाशी आली. तिचा थोरला वाड्यावरच्या पोरांबरोबर सामन्यांना जायचा.

"हरीभाऊ, घे. काल तू जेवूंकच नाय. दिवो लागलो नव्हतो तुझ्या खोलीत." मग ती तिथंच टेकली. "त्या साईशचं बघ रे. आमचा पोर सांगी, मोबाईलवर त्यांचो ग्रुप आसा, त्यात काल सगळ्यांनी त्याका नको नको ते लिवलां. तो ग्रुपातून भायर गेलो. आता खेळणा म्हणता. बायल पोटुशी त्याची, आणि घरात हें."

असा काही ग्रुप आहे हे हरीला ठाऊकच नव्हतं. अकरा वर्षं झाली, आणि कोणी त्याचा नंबर मागितला नव्हता. पण त्या गोष्टीचं वाईट वाटायला त्या क्षणी मनात जागा नव्हती. त्याने उंडा तसाच ठेवला आणि शर्ट चढवला.

साईशचं घर वरच्या वाड्यावर काजूच्या बागेला लागून होतं. हरी पहिल्यांदाच तिथं जात होता. साईश बागेत पालापाचोळा ओढून ढीग करत होता. उघडा, घामाघूम, हातात लाकडी दाताळं. पंप दुरुस्तीचं काम करणारा अठ्ठावीस वर्षांचा दणकट माणूस. जवळून बघितल्यावर जाळीतून दिसायचा त्याहून बराच थोराड वाटला. हरीला बघून तो थांबला.

"तुम्ही..."

"हरी. वसाहतीत असतो. मॅचला येतो."

"हां हां, कोल्हापूरचे. बसा ना." त्याने सावलीतल्या दगडाकडे हात केला. घरात हाक मारून पाणी मागितलं. त्याची बायको सेजल पाण्याचा तांब्या ठेवून, एक क्षण दोघांकडे बघून आत गेली.

हरी बसला नाही. वाटेत त्याने शब्द जुळवले होते, ते सगळे एकदम बाहेर आले. "कालचा गोल माझ्यामुळं झाला. मी ओरडलो, बाहेर ये म्हणून. मला वाटलं तुझा बॉल आहे. वाऱ्याचा अंदाज मला आला नाही. तू माझं ऐकलंस आणि फसलास. मी गौरेशला सांगतो, सगळ्यांना सांगतो. तू खेळणं सोडू नको."

 साईशने दाताळं झाडाला टेकवलं.

"तुम्ही ओरडत होतात?"

"व्हय. नेहमीच ओरडतो. तुझ्या मागनं."

"काका," साईश म्हणाला. तो शब्द शोधत होता. दुखवायचं नाही म्हणून शोधत होता हे हरीला दिसत होतं. "माका मॅचीत मागचं कायच आयकूंक येना. खरंच. बॉल आला की कान बंद. आमचा कोच बाजूला उभा राहून बोंब मारतो, त्याचंही नाही. मागे कोणी असतं, एवढं माहीत असतं. काय बोलतं ते नाही."

"काल चार पावलं आलास ती—"

"ती माझी मी आलो. मागच्या मॅचीत गोलात रावलो आणि गोल खाल्लो, म्हणून ह्या वेळी ठरवलंच होतं. चुकलं." तो थोडा हसला. "ती चूक माझी. ती मी दुसऱ्याला देणार नाही."

हरीने तांब्या उचलला, पाणी प्यायला. बरंच प्यायला. पालापाचोळ्यातून एक सरडा सरसरत गेला.

"मांद्र्याच्या मॅचला," हरीने विचारलं, "चार वर्षं झाली. पेनल्टी. मी उजवीकडं म्हणून ओरडलो, तू उजवीकडं उडी मारलीस. नंतर मागे वळून अंगठा दाखवलास."

साईशने आठवून पाहिलं. हरीला कळलं की त्याला काही आठवत नाहीये.

"दाखवला असणार, काका," साईश म्हणाला. "नक्की दाखवला असणार."

उतरताना वाट सोपी असूनही हरी दोनदा अडखळला. गुन्ह्यातून तो सुटला होता. कालचा गोल त्याच्या माथी नव्हता. तर मग हलकं वाटायला हवं होतं. पण कालपासून जे ओझं तो वाहत होता त्यात निदान एवढं तरी होतं, की त्या मैदानावर त्याच्या शब्दाने काहीतरी घडतं. आता तेही गेलं. वाचवलेले सगळे गोल साईशचे होते, आणि खाल्लेलेही. पहिल्या रविवारचं ते 'डावीकडं बघ' सुद्धा. अकरा वर्षं तो एका जाळीशी बोलत होता. वाटेच्या कडेला थांबून त्याने हे स्वतःशी एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. आसपास ऐकायला कोणी नव्हतंच.

तरी एक गोष्ट त्याने केली. संध्याकाळी तो गौरेशच्या दुकानावर गेला आणि चार माणसांसमोर म्हणाला, "मी जाळीच्या मागं होतो. इतक्या जवळून कोणीच बघितलं नाही. चेंडू वाऱ्यानं वर उचलला. मी असतो तरी बाहेर आलो असतो. त्या पोराला शिव्या देऊ नका." एकजण म्हणाला, "तू गोलकीपर कधी झालास?" सगळे हसले. हरीही थोडा हसला. गौरेश हसला नाही. "खरं काका, वारा होता," एवढं तो म्हणाला आणि फोन काढून काहीतरी लिहू लागला. काय लिहिलं ते हरीला कळलं नाही. त्या ग्रुपात तो अजूनही नव्हता.

तीन आठवडे सामना नव्हता. दोन रविवार हरीने कपडे धुतले, एक रविवार तो पेडण्याच्या बाजारात उगाच फिरून आला. चौथ्या रविवारी तुयेच्या माळावर मैत्रीचा सामना आहे असं देवकीच्या थोरल्याने जाता जाता सांगितलं. जावं की न जावं यात तीन वाजले. शेवटी तो गेला, पण जाळीच्या मागे नाही. मैदानाच्या बाजूला सिमेंटच्या चार पायऱ्या आहेत, तिथं गेला. साईश गोलमध्ये उभा होता. हातमोजे आवळत होता, बचावाच्या गड्यांवर ओरडत होता. हरीला पहिल्यांदाच दिसलं, की साईश सबंध वेळ ओरडत असतो, आणि त्याचे गडी अधूनमधूनच ऐकतात.

पायरीवर एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. बोलण्यावरून बेळगावकडची. तिचा नवरा वसाहतीत नुकताच लागला होता आणि आज पहिल्यांदा वरचावाड्याच्या राखीव खेळाडूंत बसला होता, असं तिने आपणहून सांगितलं. आपलं नाव स्वाती म्हणाली. खेळातलं तिला काही कळत नव्हतं.

"तुमचं कोण खेळतंय, काका?"

"कोणी नाही."

तिने शेजारची पिशवी उचलून पलीकडे ठेवली. हरी खाली बसला. सामना बसून बघायची त्याला सवय नव्हती. गुडघे कुठे ठेवावेत ते कळेना.

"यातले आपले कुठले?" स्वातीने विचारलं.

"पिवळे," हरी म्हणाला. आणि मग हाताने दाखवत, हळू आवाजात, तो तिला सांगू लागला कोण कुठे उभं राहतं आणि का.