गुणाबाईच्या बांगडीतली पिन

मी एक सेफ्टी पिन बोलतेय. पत्र्याची टोपी, कमरेला वेटोळं आणि बोटाच्या पेराएवढी उंची. हसू नका. माझ्याआधी म्हणे बाया कापड बाभळीच्या काट्याने टाचायच्या, आणि काटा कापडापेक्षा अंगातच जास्त रुतायचा. मग दूरदेशी कुणीतरी तारेला वेटोळं दिलं, टोकावर टोपी घातली आणि टोचणाऱ्या टोकाला घर मिळालं. केवढं डोकं लढवलं असेल त्याने!

मला पनवेलच्या बाजारात भामाने घेतलं. भामा आणि तिची थोरली जाऊ गुणाबाई मासळीबाजारात शेजारी बसायच्या. एकदा गुणाबाईचा पदर सुटला, तेव्हा भामाने घाईत मला थेट तिच्या हातात ठेवलं. पिन कधी हातात देऊ नये. खाली ठेवावी, दुसरीने उचलावी, नाहीतर भांडण होतं, हे तिथल्या पोरीसोरींनाही ठाऊक. नेमकं त्याच दुपारी बसायच्या जागेवरून दोघींचं वाजलं, आणि खापर फुटलं माझ्यावर.

तीन वर्षं अबोला. पण गुणाबाईने मला फेकलं नाही. मासळीच्या पाण्याने गंजू नये म्हणून रोज तेल लावलेल्या केसांतून फिरवायची आणि बांगडीत अडकवायची. एवढा राग आणि एवढी निगा एकाच हातात मी पहिल्यांदाच पाहिली.

परवा खांदा कॉलनीतल्या हॉलमध्ये भामाच्या मोनालीची हळद होती. गुणाबाई चुलतीच्या मानाने आली, पण कोपऱ्यात बसून राहिली. भामा लेकीला हळद लावत असताना तिच्या खांद्यावरची पिन तुटली. पदर घसरला, आणि दोन्ही हात तर हळदीने माखलेले. बिचारी कोपराने सावरत होती.

गुणाबाई उठली. तिने मला बांगडीतून काढलं. खाली ठेवावं तर उचलणार कोण, आणि हातात द्यायचा तिला धीर होईना. ती तशीच उभी राहिली. आता ही परत फिरते की काय, या भीतीने माझं वेटोळं आवळलं.

"हालू नको," ती म्हणाली. "मीच लावते."

पदराच्या निऱ्या जुळवून तिने मला भामाच्या खांद्यावर लावलं. भामाचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळे नव्हते. तेही गुणाबाईनेच आपल्या पदराने पुसले.

"बाय, तुजी पिन मंग देते," भामा म्हणाली.

"माजी नाय, तुजीच हाय ती. तीन वर्सं मी जपली, आता तू जप."

आता मी भामाच्या बांगडीत असते. वेटोळं सैल झालंय, टोक टोपीतून निसटतं. फार दिवस काही मी टिकायची नाही. जाण्याआधी एवढंच सांगते. कुणाची पिन तुमच्याकडे राहिली असेल, तर परत करा. हातात देऊ नका; जवळ जा आणि स्वतः लावून द्या.