पहिला दिवस कुठला

आरोग्य कचेरीत तिला सगळे आकडेबाई म्हणत. साथीची चाहूल लागली तेव्हा साहेबांनी एक नवं सॉफ्टवेअर आणवलं. आजार शहरात कसा पसरेल याचं गणित ते करायचं आणि उत्तर म्हणून एक लांबलचक फाइल पुढ्यात टाकायचं. प्रत्येक ओळ म्हणजे एक दिवस. त्यापुढे त्या दिवशीचे आजारी, बरे झालेले आणि दगावलेले. ती फाइल बघूनच बाकीच्यांचे डोळे फिरले. आकडेबाईने मात्र दोन दिवसांत छडा लावला. सगळ्यात जास्त आजारी चाळिसाव्या ओळीत होते. पहिला रुग्ण नोंदला गेला त्या तारखेपासून तिने कॅलेंडरवर चाळीस दिवस मोजले आणि सांगितलं, "महिनाअखेरीला साथ कळस गाठणार."

तिचा थोरला भाऊ रुग्णवाहिका चालवायचा. त्याला दम्याचा जुना त्रास. तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली होती, ती कधी घ्यायची एवढंच ठरायचं होतं.

"काय गं, तुझं यंत्र काय म्हणतंय?" त्याने कचेरीच्या पायऱ्यांवर तिला गाठून विचारलं.

"महिनाअखेरीला घे, दादा. आत्ता घेतलीस तर ऐन गर्दीत कामावर यावं लागेल."

"तू म्हणशील तसं. धाकटी असून माझी गणितं तूच सोडवायचीस. पास झालो की नाही मी?"

महिनाअखेर यायला बारा दिवस असतानाच दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. दादा दिवसाला पंधरा-पंधरा फेऱ्या मारत होता. एका सकाळी धाप लागली म्हणून तो स्वतःच चालत जाऊन भरती झाला. पाचव्या दिवशी गेला.

सॉफ्टवेअर कुचकामी निघालं, असं सगळे म्हणाले. तिनेही तेच धरून ठेवलं. दोन महिन्यांनी अंदाज का चुकला याचा अहवाल मागितला गेला, तेव्हा तिने सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका पहिल्यापासून वाचायला घेतली. सतराव्या पानावर लिहिलं होतं : पहिली ओळ म्हणजे पहिल्या माणसाला लागण झाल्याचा दिवस. आजाराची नोंद व्हायला त्यानंतर साधारण बारा दिवस लागतात.

तिने सगळ्या तारखा बारा दिवस मागे सरकवल्या. फाइलीतले आकडे आणि खरे आकडे जवळजवळ एकमेकांवर बसले. ती पुस्तिका घेऊन साहेबांकडे गेली.

साहेब म्हणाले, "बाई, अंदाजाच्या त्या कागदावर सही माझी आहे."

"पण फाइल मी वाचली होती, साहेब."

संध्याकाळी ती वहिनीकडे गेली. वहिनी दादाचे गणवेश परत द्यायला म्हणून घडी करत होती. आकडेबाईने काहीही न लपवता सगळं सांगितलं. वहिनीचे हात थांबले.

"म्हणजे रजा त्याने आधी घेतली असती तर..."

"घरी असता."

"मला का सांगितलंस हे?" वहिनीचा आवाज चिरकला. "मी नशिबाला दोष देऊन कशीबशी उभी होते गं! आता तुझं तोंड बघू की नको बघू, तेही तूच सांग."

तिने घडी करायला एक गणवेश उचलला. "आज जा तू," वहिनी म्हणाली.

अहवालात तिने चूक स्वतःच्या नावावर लिहिली. वहिनीचा फोन पुढे चार महिने आला नाही. एके दिवशी आला. "पोरीच्या शाळेचा फॉर्म आहे. मला नीट कळत नाहीये. येतेस?"

ती गेली. दोघी जेवणाच्या टेबलाशी शेजारी बसल्या. पोरीचं नाव, जन्मतारीख, पत्ता तिने भराभर लिहिलं. वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी पेन अडलं. तिने वर पाहिलं नाही.

वहिनी म्हणाली, "लिही ना. माणूस गेला म्हणून नाव थोडंच बदलतं?"

तिने दादाचं नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. वहिनीने कागद स्वतःकडे ओढला, शाई वाळेपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि पुढचं पान तिच्यासमोर सरकवलं.