चार ते सात वयासाठी

आमच्या मंडळीची पुस्तकांची ट्रंक माझ्या घरी असते. मंडळी म्हणजे खर्डी स्टेशनच्या आतल्या अंगाला दोन-तीन पाड्यांवरची आम्ही थोडी ख्रिस्ती घरं. रविवारी सावळाराम पाळकांच्या पडवीत प्रार्थनेला जमतो. कोणत्या घरात कोणतं पुस्तक जायचं ते मी ठरवते. अगदी लहानांना जाड पुठ्ठ्याची चित्रं, शाळकरी पोरांना गोष्टी, कॉलेजच्या मुलींना जरा अक्कल शिकवणारं, म्हाताऱ्यांना मोठ्या अक्षरांचं. करणी-भुताटकीचं, प्रेमात जीव देणाऱ्यांचं असलं काही मी ट्रंकेत शिरू देत नाही. एकदा तर पाळकांनीच आणलेलं पुस्तक मी परत पाठवलं होतं, कारण त्यात नरकाची चित्रं फार चवीनं काढली होती. पाळक हसून म्हणाले, "माधुरीबाई, तुमी माझ्यापेक्षा कडक." मी म्हटलं, "मग? पोरांच्या डोक्यात एकदा शिरलं की बाहेर काढता येत नाय." किती शहाणी होते मी तेव्हा!

माझी रविना गणपतीच्या सुमारास गेली. सहावीत होती. ताप आला आणि मेंदूत चढला. लोक काहीही बोलतात म्हणून आधीच सांगते, आम्ही प्रार्थना करत बसलो आणि पोर घालवली असं झालेलं नाही. ताप चढला त्याच दिवशी दवाखान्यात नेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी ठाण्याला हलवायला सांगितलं. अॅम्ब्युलन्स आली, पोरीला स्ट्रेचरवर घेतलं आणि आत चढवायच्या आधी पाळकांनी छोटीशी प्रार्थना केली. आम्ही सगळे गोल उभे होतो. मी डोळे इतके घट्ट मिटले की दुखायला लागले. तोवर ती अधूनमधून डोळे उघडून आमच्याकडे बघत होती. आमेन म्हणून मी माझे उघडले तेव्हा तिचे मिटलेले होते, ते पुन्हा उघडले नाहीत. ठाण्यापर्यंत मी हाका मारत गेले. शेवटचं तिनं कुणाकडे पाहिलं, की पाहिलंच नाही, हा किडा माझ्या डोक्यात तेव्हापासून वळवळतोय. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

तीच ही पोरगी, जिला प्रार्थनेत कधी डोळे मिटून बसता आलं नाही. जेवणाआधी सुनिल, म्हणजे माझा नवरा, प्रार्थना करायला लागला की ही समोर बसलेल्या धाकट्या भावाला जीभ काढून दाखवायची. मला दिसायचं नाही, पण भावाचं फिस्सकन हसू ऐकू यायचं. आमेन झालं की मी तिच्या पाठीत धपाटा घालायचे.

ती गेल्यावर माझ्याच घरासाठी पुस्तकं निवडायची पाळी आली. दुसरं काही येतही नव्हतं मला. सुनिल कसारा घाटात रेल्वेच्या रुळांवर काम करतो. त्याच्यासाठी बापांनी वाचायचं एक बारीकसं पुस्तक काढलं, ते त्याने कपाटावर ठेवलं आणि त्यावर टोपी ठेवायला लागला. सासूबाईंना, धोंडीबाईंना, वाचता येत नाही. त्यांना मी स्वर्गाच्या चित्रांचं दिलं. त्या एकेका चित्रावर बोट ठेवून विचारायच्या, "हिथं हाय का गो आपली रविना?" मला मंडळीतल्या बायकांनी एक आणून दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की देवाला आपल्या बागेत एक सुंदर फूल हवं होतं, म्हणून त्याने ते खुडून नेलं. मी ते अंगणात भिरकावलं. देवाला फुलं हवी असतील तर त्याने स्वतः लावावीत.

राहिला शमुवेल. रविना झाली तेव्हा आम्ही मंडळीत नव्हतो, हा झाला तेव्हा होतो, म्हणून ह्याचं नाव पाळकांनी ठेवलं. पहिलीत आहे. ताई गेल्यावर तो रडला नाही, हट्ट केला नाही. फक्त प्रार्थनेच्या वेळी शाळेचा रुमाल डोळ्यांवर बांधायला लागला. मला वाटलं, बरं आहे, पोर मनापासून करतंय. मग तो रुमाल जेवतानाही राहायला लागला. मग अंगणात, मग शाळेत. बाईंनी निरोप पाठवला की मुलगा फळ्याकडे बघत नाही, डोळे आवळून बसतो. शहापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले नजर उत्तम आहे. मी समजावलं, मारलं, रुमाल लपवला. तो हाताने डोळे दाबायचा. का करतोस विचारलं तर तोंडाला कुलूप.

"एकदा भगताला दाखव," सासूबाई म्हणाल्या.

"आये, आपण मंडळीतली माणसं!" मी अंगावर धावून गेले.

"माझी एक गेली, दुसरा पण घालवू का तुझ्या मंडळीपायी?" असं म्हणून त्या रडायला लागल्या. आणि खरं सांगू? त्या दुपारी मी चप्पल घालून भगताच्या वाटेला लागलेही होते. ओढ्यापर्यंत जाऊन परत आले. विश्वास होता म्हणून नाही आले. भगतानेही हात वर केले तर पुढे काय, ह्या भीतीने आले.

नाताळ झाल्यावर मुरबाडला मंडळ्यांचा मेळावा होता. तिथे पुस्तकांचा मोठा स्टॉल लागतो. मी मनाशी ठरवलं की ज्याची बहीण बरी झाली नाही अशा पोराचं पुस्तक कुठेतरी असणारच. ते पोराला वाचून दाखवायचं, म्हणजे त्याला बोलता येईल. शहापूरहून जीपने किन्हवली, तिथून दुसऱ्या जीपने मुरबाड. सगळ्या वाटेने मी तेवढंच मागत होते, फक्त एक पुस्तक.

स्टॉलवर कमळाकर म्हणून एक भाऊ होते. पुस्तकं वयाप्रमाणे नीट लावलेली. मी स्वतः लावली असती तर अशीच लावली असती.

"कोणत्या वयासाठी, ताई?"

"सहा वर्षांचा आहे."

त्यांनी माझ्यापुढे थप्पीच ठेवली. मी एकेक उघडून सरळ शेवटचं पान बघत होते. मुलगी उठून बसली. आंधळ्याला दिसलं. वादळ शांत झालं. हरवलेलं सापडलं.

"ह्यांत सगळी बरी होतात," मी म्हटलं.

"होणारच ना, ताई. प्रार्थनेची पुस्तकं आहेत."

"बरी न होणारी दाखवा."

"म्हणजे?"

"भाऊ प्रार्थना करतो, आई करते, सगळी मंडळी करते, आणि मुलगी मरते. असं दाखवा. चित्रांचं."

"तसलं लहान मुलांसाठी कुणी छापत नाही हो, ताई."

"का? लहान मुलांच्या घरात कुणी मरत नाही?"

माझा आवाज चढला होता, आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. कमळाकरभाऊ बिचारे चांगले माणूस. त्यांनी मोठ्यांच्या पुस्तकांतून एक काढलं, पवित्र शास्त्रातल्या त्या राजाचं, ज्याने लेकरासाठी उपास केला, जमिनीवर पडून रडला, तरी लेकरू गेलं.

"ते बापाच्या पापामुळे गेलं," मी म्हटलं. "हे वाचून दाखवू घरात? आमच्या ह्यांच्यासमोर?"

मी स्टॉलच्या मागे खोक्यांवर बसून पदर तोंडात कोंबून रडले. कुणीतरी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना पुस्तकं वाटली आणि माझ्या पोरासाठी अख्ख्या स्टॉलवर एक पान नव्हतं. मी रिकाम्या हातांनी परत फिरले.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. पडवीत शेजारीण बारकी शमुवेलचा दंड धरून बसली होती आणि सासूबाई कपाळाला हात लावून.

"आलीस? तुझा पोर विहिरीवर गेलता," बारकी म्हणाली. "डोळ्यांना फडका बांधून, हात पुढं करून. काठावर पाय व्हता त्याचा. मी पाण्याला गेली नसती तर?"

मी पुढे होऊन त्याच्या थोबाडीत मारली. मग पुन्हा मारली. बारकीने माझा हात धरला.

"कशाला गेलास? बोल! मरायचं होतं तुला?"

"प्रॅक्टिस करत होतो," तो म्हणाला.

"कसली?"

"डोळे नाय उघडायची. काय पण झालं तरी."

मग तो आत गेला आणि अंथरुणांच्या घडीखालून एक पुस्तक घेऊन आला. मी लगेच ओळखलं. पुठ्ठ्यावर कोपऱ्यात छापलेलं, चार ते सात वयासाठी. एका कोकराचं पुस्तक होतं, त्याच्या वाढदिवसाला मीच ट्रंकेतून निवडून दिलेलं. त्यातल्या कोकराची बहीण आजारी पडते. कोकरू इकडेतिकडे न बघता, डोळे अगदी घट्ट मिटून प्रार्थना करतं आणि बहीण उड्या मारायला लागते. शमुवेलने ते पान उघडलं आणि अक्षरांखाली बोट ठेवून वाचलं. आता त्याला वाचता यायला लागलं होतं. 'त्याने एकदाही डोळे उघडले नाहीत, म्हणून देवाने त्याचे ऐकले.'

"मी उघडले व्हते," तो म्हणाला.

"कधी?"

"अॅम्ब्युलन्सपाशी."

इतके महिने हे पोर हे घेऊन हिंडत होतं. मी किती दारं ठोठावली आणि कुलूप माझ्याच हातचं होतं. कसंबसं विचारलं, "का उघडलेस, बाळा?"

"तायनं पायानं ढोसलं मला. स्ट्रेचरवरनं. मी उघडले, तर ती बघत व्हती."

"कुणाकडं?"

"माझ्याकडं."

सासूबाईंनी मान वर केली.

"मग?"

मी त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले. "शमू, मी मारणार नाय. मग काय केलं तायनं?"

"जीभ काढली," तो अगदी हळू म्हणाला. "आनि मला हसू आलं. मी हसलो, आये. प्रार्थना चालू असताना. मग तिनं डोळे मिटले."

मी ओरडले असणार, कारण बारकी दचकली. ज्या क्षणासाठी मी रोज जीव टाकत होते तो माझ्या घरातच होता. माझ्या पोराने तो पाप म्हणून लपवून ठेवला होता. आम्ही सगळे, शहाणे, डोळे मिटून उभे होतो आणि माझी लेक एकट्या ह्याला सापडली होती.

"कशी काढली? दाखव मला."

त्याला खरं वाटेना. "मारशील."

"नाय मारत. दाखव."

त्याने जिभेचं नुसतं टोक बाहेर काढलं. "एवढीशीच," तो म्हणाला. "तिचे ओठ सुकले व्हते."

"पुन्हा दाखव."

त्याने पुन्हा दाखवलं. मी कितीदा मागितलं मला आठवत नाही. सासूबाई सरकत जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मला पण दाखव रे, बाबा." तेवढ्यात सुनिल ड्यूटीवरून आला आणि डबा हातात तसाच धरून दारात उभा राहिला. मी रडत रडत त्याला म्हटलं, "अहो, ह्याला विचारा. रविना शेवटी ह्याच्याकडं बघून गेली." सुनिलने ऐकलं, खाली बसला आणि पोराला मांडीवर ओढून घेतलं.

"म्हणून देव रागावला ना?" बापाच्या छातीतून शमुवेलने विचारलं.

इतकी पुस्तकं वाचलेली मी, पण मला ह्याचं उत्तर कुठे सापडलं नव्हतं. "देवानं का ऐकलं नाय ते मला ठाऊक नाय," मी म्हटलं. "पुस्तकवाल्यांना पण ठाऊक नाय. पण तू डोळे उघडले नसतेस तर तिला बघायला कुणीच नव्हतं."

त्याला पटलं की नाही कळलं नाही.

जेवायला बसलो. त्याने सवयीने खिशातून रुमाल काढला, मांडीवर ठेवला. सुनिलने प्रार्थना सुरू केली, आवाज फाटत होता त्याचा. सासूबाईंनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. शमुवेल रुमालाची घडी उलगडून माझ्याकडे बघत होता. मी जीभ काढून त्याला दाखवली.

तो हसला नाही. पण रुमाल मांडीवरच राहिला, आणि सुनिलचं आमेन होईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.